पाव हिस्सा

वाचनालयाच्या मागच्या खोलीत, जिथे फाटकी मासिकं ठेवतात,
तिथे आमच्या शैक्षणिक पालकत्व योजनेचं कपाट आहे.
किल्ली माझ्याकडे.
खडकीच्या कारखान्यात बत्तीस वर्षं काडतुसांचा हिशेब ठेवला,
आता मुलांचा ठेवते.

एका मुलाला महिना सहाशे.
फी, बसचा पास, वह्या, जूनमध्ये बूट.
सगळ्यांना सहाशे झेपत नाहीत,
म्हणून आम्ही मुलाचे चार भाग करतो.
असं बोलायचं नसतं,
पण वहीत तसंच लिहावं लागतं.

समीक्षा बाळू अवघडे, सातवी ब, जनता वसाहत.
पाव – फिलोमिना साळवे, निवृत्त परिचारिका.
पाव – वाघोलीकर सर. नाव नको म्हणतात, पावती मात्र मागतात.
पाव – तावरे कॉलनीतल्या भिशीच्या बायका.
पाव – कनोजिया, इस्त्रीवाले.

कनोजियांची गाडी गल्लीच्या तोंडाशी, बुचाच्या झाडाखाली.
एका कपड्याचे आठ रुपये.
एकोणीस शर्ट म्हणजे समीक्षाचा पाव,
वर दोन रुपये उरतात, त्यात चहाही येत नाही.
एकदा त्यांनी विचारलं,
"मॅडम, मेरा पाव कौन सा? हात, की डोकं?"
काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, बुटांचा धरा.
तेव्हापासून ती शाळेला निघाली
की ते इस्त्री उभी करून ठेवतात
आणि तिच्या पायांकडे बघतात.

दिवाळीत मुलांनी आभाराचं पत्र लिहायचं, असा नियम आहे.
मायना मीच फळ्यावर लिहून देते.
समीक्षाने मायना उतरवला, आणि खाली
"मला अपूर्णांक येतात.
छेद सारखा असला की बेरीज सोपी जाते.
तुम्ही चौघं एकमेकांना ओळखता का?"
बाकी कागद कोरा.
ते पत्र मी पाठवलं नाही. तिला परतही दिलं नाही.
पावतीपुस्तकाखाली आहे.

फेब्रुवारीत कनोजियांच्या गावाहून फोन आला.
गाडीवर ताडपत्री, ताडपत्रीवर बुचाची सुकलेली पानं.
त्यांच्या रकान्यात मी पेन्सिलने रेघ ओढली.
पाऊण मूल.

मग एका दुपारी शेवंता आली, समीक्षाची आई,
सोसायट्यांचा कचरा उचलून थेट,
अंगात हिरवा कोट, हातमोजे कमरेला खोचलेले.
उंबऱ्यातच थांबली. आत ये म्हटलं तरी नाही.
"पुठ्ठा वधारलाय," म्हणाली,
आणि हात लांब करून टेबलाच्या कडेला
तीन नोटा, बाकी नाणी. दीडशे.
"ह्या महिन्याचा पाव आमचा."

मी सांगायला लागले, तसं नसतं, नियमात
ती म्हणाली, "पावती द्या."

माझ्या वहीत दोनच रकाने. देणारे. घेणारे.
एवढ्या वर्षांत पेन असं अडलं नव्हतं.
ती बघत होती. तिला वाचता येत नाही,
पण कुठल्या बाजूला लिहिते आहे ते कळत होतं.
डावीकडे लिहिलं. शाईने.

एप्रिलमध्ये कनोजिया परतले, डोक्यावर नुकते केस उगवलेले,
बाप गेला हे नंतर सांगितलं,
आधी थकलेले पैसे ठेवले.
मी शेवंताला निरोप धाडला, तुझे घेऊन जा.
तिचा उलटा निरोप,
"मग काय माझी पावती फाडणार?"

म्हणून फेब्रुवारीच्या पानावर समीक्षाचे पाच पाव आहेत.
तपासनिसाने लाल पेनने विचारलं आहे,
एक विद्यार्थिनी एकाहून जास्त कशी?
मी समासात लिहिलं, सव्वा. बरोबर आहे.

आणि हो, कनोजिया म्हणालेत,
जूनमध्ये बूट एक नंबर मोठे घ्या.